बांधलेली अँटेना

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांनी माझ्या घराची पायरी चढला, तो विमान घेऊन. म्हणजे विमानाचा सांगाडा. पांढऱ्या फोमचं धड, दोन सुटे पंख, शेपटी, आणि पोटात नुसती पोकळी. खोका टेबलावर ठेवून तो उभाच राहिला. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, असं घरून ठरवून आला होता बहुतेक.

"दादा, हे रिमोटवर उडतं," तो म्हणाला. "आत काय काय बसवायचं ते मला कळत नाही. तू सांगशील?"

हा सगळा उद्योग माझ्या बायकोचा. दोन वर्षांपूर्वी धाकट्याची बायको गेली, मूलबाळ नाही, आणि या वर्षी व्हॅन चालवायची नोकरीही संपली. घरात भिंतींकडे बघत बसतो म्हणून माझ्या बायकोने त्याला फोन केला आणि मला न विचारता सांगून टाकलं, की तुझ्या दादालाही हल्ली काही काम नाही, दिवसभर माझ्या मागे किरकिर लावतो. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिने चहाचे तीन कप आणून ठेवले आणि म्हणाली, "आधी प्या. भांडण नंतर करा, मी दार लावून घेते."

भांडण कधीच झालं नव्हतं, हीच तर गोम होती. झालं होतं ते असं.

आम्ही दोघंही एकाच लोखंडाच्या यार्डात होतो. मी इलेक्ट्रिशियन, तो क्रेनवर. क्रेनला खाली मोठं विजेचं चुंबक, भंगार उचलून भट्टीकडे न्यायला. आधी क्रेनवाला वर केबिनमध्ये बसायचा. मग साहेबांनी रेडिओचा रिमोट आणला आणि त्याचा सगळा पॅनल मी जोडला. तेव्हापासून धाकटा गळ्यात रिमोट अडकवून जमिनीवरून क्रेन चालवायचा. त्या पॅनलमध्ये एक उणीव होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती: रिमोटचा सिग्नल तुटला, तर चुंबकही सुटायचं आणि धरलेला माल खाली पडायचा. म्हणून सिग्नल तुटताच कामा नये, आणि ती जबाबदारी माझ्या वायरिंगची. एका सकाळी चुंबक सुटलं. खाली लंबू उभा होता, माल कुठे ठेवायचा ते हाताने दाखवणारा आमचा दोस्त. त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला.

चौकशीत धाकटा म्हणाला, "मी सोडायचं बटण दाबलं नाही. सिग्नल आपोआप गेला." मग मला विचारलं, सिग्नल जाऊ शकतो का? मी म्हणालो, माझ्या वायरिंगमध्ये? शक्यच नाही. तीनदा विचारलं, तीनदा मी तेच सांगितलं आणि खाली सही केली. पॅनल तपासता आला असता, पण आमच्या यार्डाचा कारभारच तसा. मोडकं सामान दुसऱ्या दिवशी भट्टीत. माझ्या वायरिंगचं पाणी झालं आणि उरले दोन भावांचे दोन शब्द. साहेबांनी माझा धरला. धाकट्याला काढून टाकलं, आणि मी सन्मानाने निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो.

मी खोटं बोललो नव्हतो. हे मी इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही मला काय काय म्हणाल ते मला माहीत आहे. जे मला खरं वाटत होतं तेच मी सांगितलं. माझा भाऊ घाबरून बटण दाबून बसला आणि मग माझ्या वायरिंगवर ढकलून मोकळा झाला, असं मी अकरा वर्षं मानत होतो. त्याचा मला संताप होता. चूक झाली तर झाली म्हणावं, पायावर पडावं, पण भावाच्या हाताला नाव ठेवायचं?

आणि आता तो माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, आत काय बसवायचं.

"आधी वजन सांग," मी म्हणालो.

त्याने खिशातून कागद काढला. सगळं लिहून आणलं होतं: सांगाड्याचं वजन, पंखांची लांबी, पोटातली जागा किती बोटं. तो पहिल्यापासून असाच, सूचनांची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचणारा. मी पुस्तिका कधी उघडत नाही. वायर हातात घेतली की मला कळतं ती कुठे जाणार.

"मोटर दणकट घेऊ," मी म्हणालो. "लागते त्याच्या दीडपट. कारखान्यात चाळीस वर्षं मी असंच केलं. कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं."

त्याने स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोचा पीठ मोजायचा काटा आणला आणि टेबलावर ठेवला. मला हसू आलं. लहानपणी वाटणीच्या वेळी तो असाच करायचा, तोंडाने ब्र काढायचा नाही, नुसती मोजपट्टी आणून ठेवायचा.

पुढच्या गुरुवारी आम्ही दुकानात गेलो. एका जिन्याखालची खोली, भिंतभर छोटे ड्रॉवर, आणि काउंटरच्या मागे जाड चष्म्याचा दुकानदार. मी सांगितली ती मोटर त्याने काढलीसुद्धा नाही.

"काका, पहिलंच विमान ना? मग ही नको. हिला मोठी बॅटरी लागेल, मोठ्या बॅटरीला अजून मोठी मोटर लागेल. तुम्ही वाढवत जाल आणि विमान जमिनीवरून उठणार नाही. विमानात दणकट म्हणजे हलकं."

मला काका म्हणाला याचं काही नाही, पण धाकट्यासमोर मला धडा दिला याने माझं डोकं तापलं. तरी मोटर मी हातात घेतली. मुठीत मावेल एवढी, बाहेरचा डबा फिरणारा, आतलं गुंडाळलेलं तांबं स्थिर. एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे. काम सुबक होतं, माझ्यासारख्या माणसाला नावं ठेवता येणार नाहीत असं. मी म्हणालो, चालेल. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी एखादी गोष्ट चालेल म्हणतो हे त्याने आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा ऐकलं होतं.

मग एकेक वस्तू ठरत गेली. मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर तीस अँपियरचा. तिथे मात्र मी दीडपटीचा हट्ट सोडला नाही आणि दुकानदारही म्हणाला, इथे तुमचं बरोबर आहे. बॅटरी तीन सेलची, पोटात बरोबर पंखांच्या खाली बसेल अशी. पुढे सरकली तर नाक खाली जातं, मागे सरकली तर विमान पिसाळतं. शेपटी आणि पंखांच्या झडपा हलवायला चार सर्व्हो, म्हणजे काडेपेटीहून लहान मोटरी. मी धातूच्या दात्यांचे मागितले, धाकट्याने काटा दाखवला, शेवटी प्लास्टिकचे घेतले. मोटरवर बसणारा पंखा दहा इंची, आणि तसलेच आणखी तीन, कारण दुकानदार म्हणाला, पंखा मोडतोच, तेवढं मनाला लावून घेऊ नका.

शेवटी रिमोट. सहा चॅनेलचा, दोन दांड्यांचा. डावी दांडी मोटरला, उजवी दिशेला. दुकानदाराने तो काउंटरवर ठेवला आणि धाकटा त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

"घे की हातात," मी म्हणालो.

त्याने घेतला. पट्टा गळ्यात घातला. दोन्ही अंगठे दांड्यांवर गेले, पाय आपोआप फाकले आणि मान वर झाली. यार्डात तो असाच उभा राहायचा. अकरा वर्षं व्हॅनचं स्टीअरिंग धरून त्याचे खांदे पुढे आले होते, ते त्या जिन्याखालच्या खोलीत सरळ झाले. मला आतून काहीतरी झालं. राग की माया, ते मला अजून सांगता येत नाही.

धाकटा मग सामान ठेवायला मोठी पिशवी शोधायला बाहेर गेला. मी रिसीव्हर तपासत होतो. रिमोटचा सिग्नल पकडायला विमानात बसतो तो डबा, नखाएवढा, आणि त्यातून निघालेली दोऱ्यासारखी बारीक वायर.

"ही अँटेना तेवढी मोकळी सोडा," दुकानदार म्हणाला. "मोटरच्या आणि बॅटरीच्या वायरींपासून लांब. शेपटीकडे सरळ नेऊन चिकटवा. त्यांच्या जवळ आली की लांब गेल्यावर सिग्नल तुटतो."

"मी चाळीस वर्षं पॅनल जोडले," मी म्हणालो.

"हो हो, तुम्हाला काय सांगायचं," तो म्हणाला आणि खोका बांधायला लागला.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार बरे होते. बरे म्हणताना जिभेला चटका बसतो, पण होते. धाकटा दर गुरुवारी सकाळी यायचा. आम्ही टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचो, मी सोल्डरिंग गन तापवायचो, तो सर्व्होचे स्क्रू त्यांच्या क्रमाने मांडायचा. बायको मधूनच डोकावून म्हणायची, "कुठवर आलं तुमचं विमान? मला माहेरी सोडणार का?" आम्ही दोघं हसायचो. त्या एका सकाळबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. एकदाच तो बोलून गेला. मी बॅटरीचा जोड पक्का करत होतो आणि तो माझ्या हातांकडे बघत होता.

"दुकानदार म्हणाला होता, तो जोडून देईल," तो म्हणाला. "मी म्हटलं, नको. वायरिंग माझा दादाच करणार."

मी मान वर केली नाही. हा टोमणा आहे की काय, ते चाचपत होतो. टोमणा नव्हता. माझ्या भावाला टोमणे मारता येत नाहीत, ते सगळे माझ्या वाट्याला आलेत.

शेवटचं वायरिंग मी एकट्याने केलं. तो आत माझ्या बायकोला नळाची चकती बदलून देत होता. विमानाचं पोट उघडं होतं आणि आत वायरींचा गुंता पसरलेला. मोटरच्या तीन, बॅटरीच्या दोन, सर्व्होच्या चार पट्ट्या, आणि ती बारीक अँटेना. असा गुंता बघवत नाही मला. माझी ख्याती कशाची होती? बांधणीची. दुसऱ्या कारखान्यांतून लोक माझे पॅनल बघायला यायचे. प्रत्येक वायर सरळ, प्रत्येक वळण काटकोनात, आणि दर दोन बोटांवर एक गाठ. साहेब पाहुण्यांना पॅनलचं दार उघडून दाखवायचे. मी सगळ्या वायरी एकत्र घेतल्या, सरळ केल्या, छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या आणि पट्ट्यांची टोकं कापून टाकली. हात आपले आपण चालले होते. धाकटा बाहेर आला, आत डोकावला आणि म्हणाला, "वा! अगदी यार्डासारखं."

रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर गेलो. वारा नव्हता. आधी त्याने पुस्तिकेत होतं तसं केलं: मी विमान धरून उभा राहिलो आणि तो रिमोट घेऊन पन्नास पावलं मागे गेला, तिथून झडपा हलवून पाहिल्या. सगळ्या हलल्या. मी अंगठा दाखवला. मग मी विमान हातातून पुढे सोडलं आणि ते उडालं.

उडालं म्हणजे काय, सांगता येत नाही. ते माझ्या हातातून गेलं तेव्हा वजन होतं, आणि पुढच्या क्षणी वजन नव्हतं. धाकट्याने ते हळूच वर घेतलं, एक सावध वळसा दिला, मग दुसरा. त्याच्या बोटांत अजून ती क्रेन होती. घाई नाही, झटका नाही, टनाचा माल अंडं ठेवावं तसा ठेवणारा हात. तो हसत होता. तोंड उघडं टाकून, आठ वर्षांच्या मुलासारखा हसत होता.

आणि मी, मी विमानाकडे बघत नव्हतो. हे मला सांगायलाच हवं. मी त्याच्या अंगठ्यांकडे बघत होतो. पहिल्यापासून. ज्या दिवशी तो खोका घेऊन आला त्या दिवसापासून मी याचीच वाट बघत होतो. कधीतरी त्याचा अंगठा चुकेल, मी ते डोळ्यांनी बघेन, आणि अकरा वर्षांचा हिशेब माझ्या मनात मिटेल. म्हणून मी त्याच्या शेजारी, एका हाताच्या अंतरावर उभा होतो.

तिसऱ्या वळशाला विमान लांब गेलं, माळाच्या टोकाच्या कुंपणापर्यंत. डावा अंगठा दांडीच्या मध्यावर होता. उजवा जेमतेम टेकलेला. दोन्ही स्थिर. आणि मोटरचा आवाज एकदम बंद झाला.

अंगठा हलला नव्हता. मी बघत होतो. केसभरही हलला नव्हता.

"दादा, ऐकत नाहीये!" धाकटा ओरडला. "मी काही केलं नाही! सिग्नल गेला!"

तोच आवाज, तेच शब्द. विमान डावीकडे कललं, नाक खाली घातलं आणि कुंपणाजवळ आपटलं. धाकटा तिकडे धावत सुटला. साठीचा माणूस, गळ्यात रिमोट उड्या मारतोय. पण तो आधी गेला पंखाकडे, जो तुटून लांब पडला होता, आणि धडापाशी मी पोचलो.

पोट फाटलं होतं. आत माझी बांधणी जशीच्या तशी होती. एक गाठ सुटली नव्हती. मोटरच्या तीन जाड वायरी, बॅटरीच्या दोन, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, घट्ट आवळलेली, सरळ रेषेत नेलेली ती बारीक अँटेना.

मला दुकानदार आठवला नाही. मला यार्डातला पॅनल आठवला. तो मी आजही डोळे मिटून काढून दाखवेन. वर रिसीव्हरचा डबा, त्याच्यातून आलेली राखाडी बारीक वायर, आणि खाली चुंबकाची मनगटाएवढी काळी केबल. ती राखाडी वायर एकटीच लोंबकळत होती. ते मला खपत नव्हतं. पाहुणे येणार होते. मी ती केबलला लावून, दर दोन बोटांवर गाठ मारत खालपर्यंत नेली होती. साहेब म्हणाले होते, सुंदर.

म्हणजे सिग्नल गेला होता. माझ्या भावाने बटण दाबलं नव्हतं. लंबूचा पाय माझ्या गाठींनी गेला होता.

मी खिशातली छोटी कात्री काढली. खिशात ती कायम असते. पट्ट्या कापल्या, एक, दोन, तीन, चार, आणि अँटेना ओढून बाहेर काढली, मोकळी. कापलेले तुकडे गवतात टाकले. हातांनी हे सगळं इतक्या शांतपणे केलं की मला माझ्या हातांची किळस आली. तरी ते थांबले नाहीत.

धाकटा तुटका पंख घेऊन आला. श्वास लागला होता. तो खाली बसला, फाटलेल्या पोटात बघत राहिला. त्याला वायरिंगमधलं काही कळत नाही. कधीच कळलं नाही.

"काय झालं असेल, दादा?"

तेव्हा मला बोलता आलं असतं. माळावर चिटपाखरू नव्हतं. समोर माझा भाऊ होता, ज्याने मला अकरा वर्षांत एकदाही खोटारडा म्हटलं नव्हतं, आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की माझं चुकलं. दोन शब्द. मी तोंड उघडलं.

"तुझा अंगठा घसरला," मी म्हणालो.

त्याने अंगठ्याकडे पाहिलं. "घसरला? नाही रे."

"खाली घसरला. मोटर बंद झाली."

"तू बघितलंस?"

"बघितलं. तुझ्या शेजारीच तर होतो."

मला वाटलं, आता चिडेल. चिडावा असं मला मनापासून वाटत होतं. रिमोट माझ्या अंगावर फेकावा, आईवरून शिवी द्यावी. पण त्याने गळ्यातला पट्टा काढला, रिमोट गवतात ठेवला आणि उजव्या हाताने डाव्या हाताचा अंगठा दाबून पाहिला, त्यात काही दुखतं का ते बघावं तसा.

"मला कळलंच नाही," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, मला वाटलं बोट जागेवर आहे. म्हणजे दादा... म्हणजे तेव्हाही असंच झालं असेल. मी दाबलं असेन आणि मला कळलं नसेल."

मी कुंपणाकडे बघत राहिलो.

"अकरा वर्षं मी तुझ्यावर मनात राग धरला," तो म्हणाला. "सख्ख्या भावाने खोटी सही केली म्हणून. माझ्या हिला, ती जाईपर्यंत हेच सांगत होतो. आणि तू खरं बोलला होतास."

त्याने माझा हात धरला. त्याच हाताच्या मुठीत कात्री होती. माझी माफी मागत होता तो, आणि मी त्याला मागू दिली. वर म्हणालो, "जाऊ दे आता. झालं गेलं."

हे वाक्य मी म्हटलं. मीच म्हटलं.

घरी जाताना तो म्हणाला, लंबूकडे जाऊन सांगायला हवं. लंबू बाजारात किल्ल्या बनवतो, एका टपरीत, स्टुलावर बसून. मला माहीत नव्हतं, पण धाकटा दर शनिवारी त्याच्याकडे जायचा. यार्डातून काढल्यावर सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं तेव्हा ज्याचा पाय गेला होता तो एकटा म्हणाला होता, तू दाबलं नसणार, मी तुझा हात ओळखतो. अकरा वर्षं, दर शनिवारी. मी म्हणू शकत होतो, नको जाऊस. कशाला जुनं उकरतोस? एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, खरं सांगायचीही गरज नव्हती. पण तो गेला नाही तर त्याला शंका आहे असं होईल, आणि गेला तर प्रकरण कायमचं माझ्या बाजूने मिटेल, हा विचार माझ्या मनात आला. आला तो आला.

"जाऊन ये," मी म्हणालो.

गुरुवारी तो आला. नेहमीच्या वेळेला, हातात नवा सांगाडा. मी वर्तमानपत्र पसरलं. बायकोने चहा आणला, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

"सांगितलं लंबूला," तो म्हणाला.

"मग?"

"किल्ली घासत होता. मशीन बंद केलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, अख्ख्या यार्डाशी मी तुझ्यासाठी भांडलो. माझ्या बायकोशी भांडलो. आणि तू आता येऊन हे सांगतोस?" धाकट्याने कपाची कड बोटाने पुसली. "म्हणाला, येत जाऊ नकोस. टपरीची फळी पाडली त्याने, दिवसाढवळ्या."

मी सोल्डरिंग गनची वायर प्लगमध्ये घातली.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "पाय त्याचा गेलाय." मग त्याने खोक्यातून नवं धड काढलं, पोट माझ्याकडे करून टेबलावर ठेवलं आणि पीठ मोजायचा काटा जवळ ओढला. "आता मला तूच एक आहेस, दादा. सांग, मोटर तीच घ्यायची ना?"

"तीच," मी म्हणालो.